सुटीतला पाठ : पोरांना विचारू द्या

वैशाखात शाळा बंद असते. पण चौकस पोराचं डोकं काही बंद होत नाही. "हे कुणी बांधलं? कधी?" असं ते विचारीत सुटतं आणि आपण "गप बैस" म्हणतो. चारदा असं झालं की पोर विचारणंच सोडतं. ही हानी मोठी. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील मंडळींसाठी तीन दिवसांचा हा पाठ.

पहिला दिवस : सकाळच्या गारव्यात मुलांना अंबरनाथच्या शिवमंदिरी न्यावे. तेथील शिलालेखाचा काळ शके ९८२. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १०६० येते. ज्ञानेश्वरी पुरी झाली शके १२१२ मध्ये. तर त्या वेळी हे देऊळ किती वर्षांचे होते? उत्तर २३०, पण ते मुलांनाच काढू द्यावे. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावे लागते, ते का असेल, हेही त्यांनाच बोलू द्यावे.

दुसरा दिवस : बदलापुरास उल्हास नदीकाठी. पाणी कर्जतकडून येते, कल्याणवरून खाडीस मिळते. त्याचा नकाशा मुलांनी काढावा.

तिसरा दिवस : उल्हासनगर. फाळणीनंतर लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ साली गावास हे नाव मिळाले. शेजारच्या सिंधी आजोबांस घरची हकीकत विचारावी.

उत्तर ठाऊक नसले तर लाजू नये. "चल बाळ, दोघं मिळून शोधू" म्हणावे. एवढ्यानेच जिज्ञासा जगते.