धंद्याचा पहिला धडा : आधी स्वतःची मजुरी मांडा

प्रश्न : माझ्या हातच्या शेंगदाणा चटणीला नात्यात आणि शेजारीपाजारी खूप मागणी आहे. पाव किलोचं पाकीट मी ८० रुपयांना देते. आता हाच व्यवसाय वाढवावा असं सगळे म्हणतात. व्यवसायाचं कसलंच शिक्षण माझ्याकडे नाही. आधी उद्योजकतेचा एखादा वर्ग करू, की कर्ज काढून यंत्र घेऊ?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन्हीच्या आधी एक वही करा आणि एका घाण्याचा पूर्ण खर्च तिच्यात लिहून काढा. व्यवसायाचं शिक्षण इथूनच सुरू होतं, आणि ते तुम्ही आज संध्याकाळी घरबसल्या सुरू करू शकता.

उदाहरणादाखल १० किलो चटणीचा हिशेब मांडू. भाव तुमच्या बाजारातले घाला, पद्धत हीच ठेवा. भाजून, फोलपटं काढून घट येते म्हणून शेंगदाणे ११ किलो धरू. १४० रुपये किलोने त्यांचे १५४० रुपये होतात. तिखट, लसूण, जिरे, मीठ यांचे ४६०. चाळीस पाकिटं आणि लेबलं २०० रुपयांची. गॅस आणि कांडपाचे आणखी २००. एकूण २४०० रुपये, म्हणजे पाकिटामागे ६०.

तुम्ही ८० ला विकता, तेव्हा पाकिटामागे २० आणि घाण्यामागे ८०० रुपये सुटल्यासारखे वाटतात. पण भाजणं, निवडणं, कुटणं, भरणं यांत दोन माणसांचा अख्खा दिवस जातो. प्रत्येकी ४०० रुपये मजुरी धरली तर ८०० तिथेच संपले. नफा शून्य. घरच्या बाईची मेहनत हिशेबात न धरण्याची सवय आपल्याला इतकी जडली आहे, की हा आकडा वहीत चढतच नाही. तो लिहा. उद्या मागणी वाढली आणि मदतीला बाई ठेवावी लागली, तर तिचा पगार याच भावातून निघायला हवा.

आता दुकानदाराचा वाटा. समजा त्याने छापील किमतीच्या २० टक्के घेतले, तर ८० पैकी तुमच्या हाती ६४ येतात. घाण्यामागे उरले १६० रुपये, तेही दोघांच्या दिवसभराच्या कष्टाचे. म्हणून भाव उलट्या बाजूने ठरवा. माल ६०, मजुरी २०, आणि नासधूस, प्रवास, पुढची वाढ यांसाठी १०. म्हणजे तुमच्या हाती किमान ९० पडले पाहिजेत. दुकानदाराचा वाटा धरून छापील किंमत ११५ च्या आसपास जाते. घरून विकतानाही तोच भाव ठेवा. तुम्हीच स्वस्त विकलंत, तर तुमचा माल दुकानदार का ठेवेल?

११५ रुपये कोण देईल, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बाजारच देईल. तुम्हाला न ओळखणाऱ्या चाळीस गिऱ्हाइकांना एक घाणा विका. खरी परीक्षा महिन्याभराने होते. त्यांतले किती जण पुन्हा मागायला येतात ते वहीत लिहा. नातेवाइकांच्या कौतुकावर भाव ठरवू नका, कारण ते प्रेमापोटी घेतात.

यंत्राचं गणितही असंच. २४,००० रुपयांचं यंत्र घेतलं आणि पाकिटामागे १० रुपये उरत असतील, तर नुसती त्याची किंमत निघायला २४०० पाकिटं, म्हणजे साठ घाणे लागतील. आठवड्याला एकच घाणा होत असेल, तर वर्षभरात ती वसूल होणार नाही. तोवर गावातल्या कांडपावरून काम करून घ्या.

पैसा आधी लागतो तो खेळत्या भांडवलाला. आठवड्याला एक घाणा दुकानात दिला आणि पैसे महिन्याने आले, तर चार घाण्यांचे ९६०० रुपये उधारीत अडकतात. पाचव्याच्या मालाला आणखी २४०० लागतात. वहीत नफा दिसत असतानाही धंदे बंद पडतात ते इथे. म्हणून उधारीची मुदत आधीच ठरवा. ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, ती करून ठेवा. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे.

खाद्यपदार्थ असल्याने अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी मात्र पहिल्या विक्रीआधीच हवी. तिचा १४ अंकी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, टिकण्याची मुदत आणि किंमत पाकिटावर छापा. शेंगदाण्याचं तेल हवेने खवट होतं, तेव्हा घाणे लहान आणि ताजे ठेवा. बुरशी लागलेला दाणा निवडून फेकाच.

भांडवल थोडं आहे म्हणून कचरू नका. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चारच पाकिटं झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम थांबलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी, आणि पावसातही काम चालू राहिलं. लिज्जत पापडाची सुरुवात ही अशी. अडचण नेमकी कुठे आहे हे कळल्यावर त्यांनी तेवढ्यापुरताच खर्च केला. नव्या उद्योजकाने गिरवावं ते हेच.

राहिला वर्गाचा प्रश्न. तो जरूर करा, पण दोन-तीन महिन्यांची वही हातात घेऊन जा. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत मोफत प्रशिक्षण मिळतं. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि जिल्हा उद्योग केंद्र इथेही चौकशी करा. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज आहे. तिथे विचारतील : किती विकता, किती उरतं, पैसे किती दिवसांनी येतात? या तिन्हींची उत्तरं तुमच्या वहीत असतील, तर कर्ज किती घ्यायचं आणि कशासाठी, हे ठरवणाऱ्या तुम्हीच असाल.