जिभेला लगाम: कमिटीवर निघालेल्या नातवाला

बाळा, मंडळीच्या कमिटीवर तुझी निवड झाली, फार आनंद वाटला. हिशेब, इमारत, नाताळची तयारी हे सगळं तू शिकशील. पण एक ध्यानात ठेव, मंडळीतलं भांडण पैशावरून सुरू झालं तरी ते चिघळतं बोलण्यावरून.

याकोबाने आपल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात लगाम, सुकाणू आणि ठिणगी असे दाखले दिलेत. जीभ माणसाच्या ताब्यात येत नाही, असंही तो तिथेच सांगतो. म्हणून नुसत्या निश्चयावर विसंबू नकोस. मीटिंगला निघण्याआधी स्तोत्र १४१ उघड, आणि दाविदासारखा तूही ओठांवर पहारा माग.

आधी पूर्ण ऐक. कोणी तक्रार घेऊन आलं की लगेच मत देऊ नकोस. दोनच प्रश्न विचार: "हे तुम्ही स्वतः पाहिलंत का? त्यांच्याशी बोललात का?" निम्म्या तक्रारी तिथेच थांबतात.

ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याच्याशी आधी बोल. मत्तय १८ मध्ये प्रभूने क्रम घालून दिलाय: आधी एकट्याने जा, मग एकदोघांना सोबत ने, मग मंडळीला सांग. आपल्याकडे उलटं चालतं. गोष्ट आधी ग्रुपवर फिरते आणि त्या माणसाला सगळ्यांत शेवटी कळते.

प्रार्थनेच्या आडून चहाडी नको. "अमक्यांसाठी प्रार्थना करा हं, त्यांचा मुलगा हाताबाहेर गेलाय," असं म्हणत घरातली गोष्ट चव्हाट्यावर येते. तू एवढंच म्हण, "एका कुटुंबासाठी प्रार्थना करू या." नाव प्रभूला ठाऊक असतं.

रविवारच्या जेवणात पाळकांना वाढून घेऊ नकोस. उपदेश पटला नाही तर आठवड्यात त्यांना भेटून सांग. ताटावर बसून त्यांची चिरफाड ऐकणारी लेकरं पुढच्या रविवारी उपदेश ऐकतच नाहीत.

रागात मोबाइल खाली ठेव. सूर्य मावळण्याआधी राग सोडावा, असं पौल इफिसकरांना लिहितो. राग त्याच दिवशी सोड, उत्तर मात्र सकाळी दे, आणि शक्यतो समोर बसून दे.

गप्प बसणं म्हणजे संयम नव्हे. हिशेबात घोळ दिसला तर बोल. नाथान संदेष्टा थेट दाविदासमोर उभा राहिला, राजा आहे म्हणून कचरला नाही. आणि कोणी बाईला किंवा लेकराला त्रास देत असेल, तर "आधी एकांतात बोला" म्हणून त्यांना त्याच माणसाकडे परत पाठवू नकोस. तो क्रम त्यांना अडकवण्यासाठी दिलेला नाही. ताबडतोब त्यांना सुरक्षित जागी ने, पोलिसांना कळव.

दुखावलंस तर आधी समेट. वेदीपाशी अर्पण ठेवून भावाकडे जायला प्रभूने सांगितलंय. प्रभुभोजनाच्या रविवारची वाट पाहू नकोस. "माझं चुकलं" म्हण आणि थांब, त्यापुढे "पण" जोडू नकोस.

शेवटचं सांगते. शौल यरुशलेमेत आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते. बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेलं आणि त्याच्या वतीने बोलला. जीभ आवरायची ती अशा बोलण्यासाठी मोकळी राहावी म्हणून. मीटिंगमध्ये गैरहजर माणसाचा विषय निघाला की त्याची बाजू मांडणारा एक तरी हवा. तो तू हो.