दारात थबकलेले बाबा

नेरुळमधल्या सिडकोच्या दोन खोल्यांच्या घरात बाबा रोज न्हाणीघराच्या दारात थबकायचे. तळवे जणू फरशीला चिकटलेले. "बाबा, चला ना, टाका पाऊल," म्हणत मुलगी हात धरून ओढायची. एका सकाळी ती ओढत असतानाच ते तोंडावर पडले. कपाळाला चार टाके पडले. ती मुलगी म्हणजे प्रस्तुत लेखिका. दुसऱ्या कुणी असं ओढू नये, म्हणून हे लिहिणं.

बाबांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आहे. त्यात मेंदूतलं डोपामिन कमी होत जातं. हाताची थरथर सगळ्यांना ठाऊक असते. पाय गोठणं मात्र घरच्यांना हट्ट वाटतो. दार, वळण, अरुंद बोळ, घाई, इथे पाय हमखास अडतात. अशा वेळी ओढायचं नाही. क्षणभर थांबू द्यायचं, मग "एक-दोन, एक-दोन" असा ठेका धरायचा. जमिनीवर आडवी रेघ असेल तर आणखी बरं. सवयीने पडणारं पाऊल अडतं, पण समोर ओलांडायला काही दिसलं की पुष्कळदा तेच पाऊल उचललं जातं. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने हे आपल्या काकांमध्ये टिपलं. सपाट जमिनीवर अडणारे काका जिना मात्र न थांबता उतरत. तिने घरातल्या जमिनीवर जिन्याचं चित्र चिकटवलं आणि काका त्यावरून चालू लागले.

नेरुळच्या घरात पिवळी चिकटपट्टी आली.

दुसरी चूक गोळीची. लेव्होडोपाची गोळी बाबा कपभर दुधाबरोबर घेत, 'रिकाम्या पोटी नको' म्हणून मुलगीच देई. दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिनं या औषधाच्या शोषणात आड येतात. म्हणून गोळी साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. मळमळत असेल तर काय करायचं, ते डॉक्टरांनाच विचारावं. रुग्णालयात भरती करायची वेळ आली तर गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून नर्सच्या हाती द्याव्यात, आणि उलटीवर मेटोक्लोप्रामाइड चालत नाही हेही त्याच कागदावर लिहावं. त्याने कंपवात बळावतो.

हा आजार पुरता बरा होत नाही, हे मान्य करायला लेखिकेला दोन वर्षं लागली. तीच दोन वर्षं सर्वांत निराशेची होती, कारण रोज सकाळी ती बाबांना कालच्याशी ताडून बघायची. आता ती घड्याळ बघते. गोळी लागू झाली की दहा ते बारा हे दोन तास बाबांचे. आंघोळ, दाढी, 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या तळ्याकाठी फेरी, सगळं त्यातच. बँकेची कामं दुपारी, तिची तिने उरकायची. सोबतही शोधावी: मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्ण आणि घरचे अशा दोघांसाठी काम करते, पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांना नाचायला शिकवलं.

गेल्या आठवड्यात फरशी पुसून पुसून पट्ट्यांच्या कडा उचलल्या होत्या. बाबांच्याच ते लक्षात आलं. म्हणाले, "येताना नवा रोल आण. आणि एक पट्टी गॅलरीच्या दारातही लाव."