शहर दारात येतंय, आपलं म्हणणं कागदावर आहे का?



या महिन्याचा पाठ दशसूत्रीतल्या एका सूत्रावर आहे: पंचायतराजमधला आपला सहभाग. बचत, कर्जफेड आणि दप्तर ही सूत्रं आपल्याला तोंडपाठ आहेत. या सूत्राकडे मात्र आपण "सरपंच बघतील" म्हणून सोडून देतो.

पेण तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, सह्या झाल्या आणि एका मावशींनी मला विचारलं, "ताई, आमचा गाव शहरात जाणार म्हणे. मग ग्रामपंचायत राहणार का? आन् आमची जमीन?" मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मी कागद काढले, वाचले. त्यातलं कामाचं तेवढं इथे लिहिते आहे.

काय चाललंय?

२०१३ साली नवी मुंबई विमानतळाभोवतीची गावं 'नैना' क्षेत्रात घेतली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर जाहीर झालं आणि नियोजनाचं काम एमएमआरडीएकडे गेलं. विरार-अलिबाग मार्गाचा पहिला टप्पा पेणमधल्या बलवलीपर्यंत आखला आहे. रोह्याच्या ताईंना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. धाटावच्या एमआयडीसीमुळे कारखाना आला की गावात काय काय बदलतं, ते त्यांनी पाहिलं आहे.

आता मावशींचा प्रश्न. गाव नवनगराच्या नकाशात आलं म्हणून ग्रामपंचायत आपोआप बंद होत नाही. पण कुठे घरं, कुठे रस्ता, कुठे बाजार हे ठरवायचा आणि बांधकाम परवानगीचा अधिकार नियोजन प्राधिकरणाकडे जातो. गाव महानगरपालिकेत घेतलं तर गोष्ट वेगळी. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, तेव्हा तिच्यात गेलेल्या गावांच्या ग्रामपंचायती संपल्या. म्हणून "शहरात जाणार" असं कुणी म्हटलं की आधी विचारायचं: नवनगरात की महापालिकेत?

आपल्याच तालुक्यातला दाखला

पेण, उरण, पनवेलच्या गावांत महामुंबई सेझसाठी जमीन घ्यायची होती. शेतकऱ्यांनी विरोध केला, मोर्चे काढले. त्या लढ्यात प्रा. एन. डी. पाटील होते. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली पेणची गावं म्हणत होती, "आमच्या शेताला पाणी मिळायचंय, ही जमीन कशी घेता?" शेवटी २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारनेच पेणमधल्या २२ गावांत लोकांचं मत घेतलं. पुढे ठरल्या मुदतीत संपादन पूर्ण झालं नाही आणि ती कारवाई रद्द ठरली.

सेझ चांगला की वाईट, हा या पाठाचा विषय नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, गावं एकत्र बोलली म्हणून त्यांना विचारावं लागलं. दुसरी गोष्ट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची: मत विचारलं ते जमिनीच्या खातेदारांना. शेतात लावणी करणारी, बांधावर भाकर नेणारी बाई सातबाऱ्यावर नसेल, तर तिला कोण विचारणार?

आपलं मत कुठे मोजलं जातं?

१. ग्रामसभा. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो. तिथे झालेला ठराव ग्रामसभेपुढे जातो. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल ती लागते. म्हणजे गावातले आठ-दहा गट आले तर गणपूर्तीची चिंताच उरत नाही. ठराव इतिवृत्तात लिहिला का, ते उठण्याआधी वाचून घ्यायचं. ग्रामसभेच्या ठरावाने प्रकल्प थांबतोच असं नाही, पण पुढच्या प्रत्येक पायरीवर तो कागद आपल्या बाजूने उभा राहतो.

२. हरकती आणि सूचना. शहराचा आराखडा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे होतो. आधी प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा जाहीर करतात. ठरावीक मुदतीत लेखी हरकती आणि सूचना मागवतात, त्यावर सुनावणी होते. हरकत म्हणजे "हे नको". सूचना म्हणजे "हे हवं". आपण फक्त हरकतीचा विचार करतो, सूचना राहूनच जाते. पापड करणाऱ्या ताईंना वाळवणाला मोकळी जागा हवी. मासळी आणि भाजी विकणाऱ्यांना ओटे, पाणी आणि शौचालय असलेला बाजार हवा. हेटवण्याचं पाणी नवी मुंबईला जातं आणि आपल्या खारेपाटात उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघावी लागते. नवं शहर वसेल तेव्हा आधी आमच्या गावांच्या नळाला पाणी द्या, हीसुद्धा सूचनाच आहे. ती आपण लिहिली नाही, तर दुसरं कोण लिहिणार?

३. सातबारा. जमीन घ्यायची नोटीस कागदावर ज्याचं नाव त्यालाच येते. एमआयडीसीचंही तसंच. पतीची तयारी असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. त्यासाठी तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. हा विषय घरात काढणं सोपं नाही, मला माहीत आहे. पण पाच जणींनी एकदम काढला तर सोपा होतो.

माझी चूक

कामाच्या पहिल्या वर्षी एका गावातल्या ताईंनी रस्त्याच्या आखणीबद्दल पत्र द्यायचं ठरवलं. पत्र मी लिहिलं. "आमच्यावर अन्याय होत आहे" असं दीड पान लिहिलं, चाळीसच्या वर सह्या घेतल्या आणि कार्यालयात ठेवून आले. गट नंबर लिहिला नाही, नेमकं काय हवं ते लिहिलं नाही, पोचही घेतली नाही. तीन महिन्यांनी चौकशीला गेलो तर पत्र सापडेना आणि दिल्याचा पुरावा आमच्याकडे नव्हता. एक ताई एवढंच म्हणाल्या, "गटातून शंभर रुपये घेतले तरी आपण सही घेतो ना गो." तेव्हापासून पोच घेतल्याशिवाय मी कार्यालयातून बाहेर पडत नाही.

पत्र लिहिताना हे बघा

- नोटीस किंवा जाहिरातीची तारीख आणि क्रमांक वर लिहा. शेवटची तारीख गटाच्या वहीत नोंदवा.
- गाव, गट नंबर, क्षेत्र सातबाऱ्यावरून उतरवा.
- एका पत्रात एकच विषय. काय नको, का नको आणि त्याऐवजी काय हवं, तेवढंच.
- गटाचं एक पत्र द्याच, पण ज्यांची जमीन आहे त्यांनी आपलं वेगळं पत्रही द्यावं.
- दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती ग्रामसंघाच्या फाइलला लावा.
- सुनावणीला बोलावलं तर तीन-चार जणींनी मिळून जा. बोलणारी एक, कागद सांभाळणारी एक.

पुढच्या बैठकीत अर्धा तास

बचत झाल्यावर हे तीन प्रश्न घ्या आणि उत्तरं वहीत लिहा.

१. आपल्या गटात किती जणींचं नाव सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर आहे?
२. मागच्या ग्रामसभेला आपल्यातल्या किती जणी गेल्या आणि किती जणी बोलल्या?
३. आपल्या गावाला नवा रस्ता किंवा शहर येणारच असेल, तर आपली पहिली मागणी कोणती?

तिसऱ्या उत्तराचा एक ठराव करा आणि सीआरपी ताईंकडे द्या. पेण आणि रोह्याच्या सगळ्या गटांचे ठराव प्रभागसंघाच्या बैठकीत एकत्र वाचू. आणि बैठकीला येताना मावशींना सोबत आणा. त्यांचं उत्तर माझ्याकडे बाकी होतं, ते आता मला देता येईल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक