ऑफिसचं इंटरनेट: डीएसएल पुरे की लीज्ड लाइन हवी?



गेल्या ऑगस्टमध्ये बंदी उठली, होड्या माल घेऊन जेटीला लागल्या आणि ऐन लिलावाच्या वेळी आपल्या ऑफिसातलं इंटरनेट बंद पडलं. वजनाच्या नोंदी अडकल्या, व्यापाऱ्यांचे पैसे खात्यावर दिसेनात. खांबावरच्या पेटीत पाणी शिरलं होतं. दुरुस्तीला दोन दिवस लागले. मासळी काय दोन दिवस थांबते? तेव्हापासून सभासद विचारतात, "लीज्ड लाइन का घेत नाही?" म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊया.

डीएसएल म्हणजे काय?
टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं इंटरनेट. एक्सचेंजपर्यंतची तार आपली एकट्याची, पण त्यापुढची वाट सगळ्या गिऱ्हाइकांची मिळून. गर्दी झाली की वेग पडतो. एक्सचेंज जितकं लांब, तितका वेग कमी. खारी हवा आणि पावसाचं पाणी तांब्याच्या जोडांना बाधतं, ते वेगळंच.

आणखी एक गोष्ट बघा. एडीएसएल२+ या प्रकारात डाउनलोड कागदावर २४ एमबीपीएसपर्यंत असतो, पण अपलोड साधारण १ एमबीपीएस. बर्फ कारखान्याच्या एका कॅमेऱ्याचं चित्र बाहेर पाठवायला २ एमबीपीएस लागले, तर ते जाणार कुठून? वर जाणारी वाट तुंबली की बिलाची पावतीसुद्धा अडकते.

लीज्ड लाइन म्हणजे काय?
फक्त आपल्यासाठी राखून ठेवलेली जोडणी, आजकाल बहुधा फायबरवर. १० एमबीपीएस घेतली तर खाली १० आणि वरही १०, दिवसरात्र. सोबत लेखी करार असतो: लाइन किती टक्के वेळ चालू राहील, बिघाड किती तासांत काढतील, नाही काढला तर बिलात किती सूट.

टक्क्यांचा हिशेब करून बघा. ३० दिवसांच्या महिन्याचे तास ७२०. ९९ टक्के म्हणजे ७ तास १२ मिनिटं बंद चालेल. ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. ९९.९ टक्के म्हणजे फक्त ४३ मिनिटं. आकडे जवळजवळ सारखे दिसतात, पण लिलावाच्या वेळी फरक कळतो.

मग घ्यायची का?
भाडं डीएसएलच्या कितीतरी पट असतं. करार बहुधा वर्षाचा, म्हणजे १ जून ते ३१ जुलै बंदीच्या ६१ दिवसांतही भाडं चालूच. आणि जेसीबीने केबल तोडली तर लीज्ड लाइनही बंद पडते. बिलात सूट मिळेल, पण वाया गेलेला माल भरून मिळत नाही.

म्हणून आमचं मत असं: हिशेब, डिझेलच्या पावत्या आणि बँकेचं काम एवढंच असेल, तर साधं ब्रॉडबँड आणि जोडीला दुसऱ्या कंपनीचं ४जी पुरे. फायबरचं घरगुती कनेक्शन मिळत असेल तर डीएसएलपेक्षा ते बरं. पण पंप, शीतगृह आणि शाखा सगळ्या ऑफिसच्या एकाच सर्व्हरवर चालत असतील, तर लीज्ड लाइनचा खर्च वसूल होतो. तेव्हाही पर्यायी लाइन हवीच, आणि ती त्याच खांबावरून आलेली नको.

सही करण्याआधी विचारा:
१. अपलोड किती?
२. बिघाड किती तासांत काढणार? रविवारी आणि पहाटेही?
३. हे सगळं करारात लेखी आहे का?
४. लाइन आमच्या ऑफिसपर्यंत कुठल्या वाटेने येणार?

तांडेल एका नांगरावर भरवसा ठेवून समुद्रात जात नाही. ऑफिसनेही एका लाइनवर ठेवू नये. शंका असतील तर ऑफिसात या, बसून हिशेब मांडूया.