पासवर्ड बदलून देण्याआधी

कोल्हापुरातल्या एका संस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. पोस्टफिक्स, डोव्हकॉट आणि पहाऱ्याला फेलटूबॅन. माणसं पंचवीसेक, सगळी एकाच ब्रॉडबँडवर. एका सोमवारी साडेदहालाच फोन सुरू झाले, "सर, मेल पासवर्ड घेत नाही."

मी सवयीने पासवर्ड बदलून देत सुटलो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नऊ जणांचे झाले. मेल थोडा वेळ चालायचा, की पुन्हा बंद. आगीत तेल मीच ओतत होतो, हे तोवर लक्षात आलं नव्हतं.

"पासवर्ड घेत नाही" हे वाक्य शब्दशः घेऊ नका, स्क्रीनचा फोटो मागवा. "पासवर्ड चुकीचा" असं दिसलं, तर सर्व्हरने ऐकून घेऊन नकार दिलाय. "सर्व्हरशी संपर्क होत नाही" असं दिसलं, तर दारच बंद आहे. पासवर्डाचा प्रश्नच आलेला नाही. आमच्याकडे हे दुसरं होतं. शिवाय वेबमेल सुरळीत उघडत होतं आणि वायफाय बंद करून मोबाइल डेटावर गेलं की फोनवरही मेल यायचा. या दोन खुणा सकाळीच विचारल्या असत्या, तर दिवस वाचला असता.

फेलटूबॅनला डोव्हकॉट जेलचं स्टेटस विचारलं. बंदीच्या यादीत आमच्याच ऑफिसचा आयपी! मूळ सेटिंग असं, की 10 मिनिटांत 5 चुका झाल्या की 10 मिनिटं बंदी, आणि तीही 993, 587 अशा मेलच्या पोर्टांवर. 443 वरच्या वेबमेलला तिचा धक्का नाही. बाहेरून अख्खं ऑफिस एकाच आयपीचं दिसतं, म्हणून चूक एकाची आणि शिक्षा सगळ्यांना. मी बदललेल्या प्रत्येक पासवर्डामागे कुणाच्या तरी खिशातला फोन जुनाच पासवर्ड पाठवत राहिला, ती भर वेगळी.

आयपी सोडवणं एका कमांडचं काम. पण आधी मेल लॉग वाचा. आयपी एकच असला तरी फसलेल्या लॉगिनपुढे युजरनेम असतं. आमच्याकडे सकाळपासून एकच नाव सर्वांत जास्त वेळा होतं, अकाउंट्सचं सामाईक खातं. त्याचा पासवर्ड शुक्रवारी बदलला होता. (सामाईक खात्याची आणखी एक खोड: डोव्हकॉट एका युजरला एका आयपीवरून मुळात 10 च आयमॅप कनेक्शनं देतो. तिथे बंदी नसतानाही अडतं.)

ऑफिसचा आयपी इग्नोर यादीत टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. मी टाळला. आतलंच एखादं मशीन व्हायरसने धरलं, तर त्याला पासवर्ड ओळखत बसायला रान मोकळं. सेटिंग बदलायचंच असेल, तर जेल डॉट लोकलमध्ये बदला. जेल डॉट कॉन्फ अपडेटमध्ये पुसली जाऊ शकते.

संध्याकाळी अकाउंट्सच्या मॅडमनी ड्रॉवर उघडला. बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलेला जुना फोन आत चार्जिंगला होता, वायफायवर, आणि त्यावर ते मेल खातं.

"त्याला तर कुणी हातही लावत नाही, सर," त्या म्हणाल्या.