'जयगाव'चा नट मुंबईत चालेल का?

प्रश्न : मी यावल तालुक्यातला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजच्या एकांकिकांत काम करतो. पण माझ्या तोंडून 'जळगाव'चं 'जयगाव' होतं आणि पोरं हसतात. बोली सोडल्याशिवाय नट होता येत नाही का? आणि शिकायला आत्ताच मुंबई गाठावी का?
– एक वाचक, यावल

उत्तर : बोली सोडू नका, तिच्या जोडीला प्रमाण मराठी कमवा. नटाला दोन्ही यायला हवं, आणि हवं तेव्हा हवं ते काढता यायला हवं. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये मराठवाडी बोलीच्या जोरावर एकट्याने ५२ पात्रं उभी केली. आपल्याकडे जळगावच्या 'परिवर्तन' संस्थेने श्रीकांत देशमुखांच्या लेखनावरून 'नली' हे एकलनाट्य बसवलं, ते ठिकठिकाणच्या प्रेक्षकांनी पाहिलं. त्यामुळे अहिराणी, तावडी किंवा लेवा गणबोली घरातून मिळाली असेल तर ती तुमची मिळकत समजा. पुण्या-मुंबईचा नट ती शिकवणी लावून आणेल, तरी खोटी वाटेल.

अडचण एवढीच, की वकिलाची भूमिका आली तरी तोंडातून 'डोया', 'केयी', 'पानी' बाहेर पडतं. हा जिभेच्या सवयीचा मामला आहे. 'य' म्हणताना जीभ टाळूला टेकत नाही. 'ळ'साठी जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि झटक्याने खाली सोडायचं. 'बाय–बाळ', 'काया–काळा', 'पानी–पाणी' अशा जोड्या सावकाश म्हणा. मग वर्तमानपत्रातली एक बातमी आधी प्रमाण मराठीत मोठ्याने वाचा आणि लगेच तीच आजीला सांगावी तशी बोलीत सांगा. दोन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. एकीची छटा दुसरीत शिरली तर कानाला लगेच कळेल.

उच्चारांपेक्षा मोठा दोष म्हणजे वाक्याचा शेवट गिळणं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटीच. 'मी तुझ्यासोबत येणार नाही' यातलं 'नाही' श्वास संपल्यामुळे विरलं, की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या लेखी तुम्ही निघालात! मित्राला सभागृहाच्या टोकाला बसवा आणि प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द त्याला परत म्हणायला लावा. जिथे तो अडेल, तिथे वाक्याआधी श्वास कमी घेतलेला असतो.

आता मुंबईचं. शिकायचं असेल तर मुंबई हा एकच रस्ता नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा (स्थापना १९५९) अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. तिथे पदवी तर लागतेच, शिवाय किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात. म्हणजे इथं केलेलं काम तिथं मोजलं जातं. प्रयोगांची पत्रकं आणि प्रमाणपत्रं आजपासून एका फाइलला लावा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि आपल्याला सगळ्यात जवळचा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, हेही पर्याय आहेत.

तोवर हाताशी आहे ते सोडू नका. बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या 'युवारंग' युवक महोत्सवात एकांकिकेसोबत मूकनाट्यही करून पाहा. शब्द नसले की शरीर किती आळशी आहे ते समजतं. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी जळगाव केंद्रावरही होते. जळगाव-धुळ्यातल्या एखाद्या हौशी संस्थेत शिरा आणि पहिल्या वर्षी मुख्य भूमिका मागू नका. प्रकाशयोजना सांभाळा, प्रॉम्प्टिंग करा. प्रॉम्प्टर सगळ्यांचे संवाद ऐकतो, म्हणून नाटक कुठे ढेपाळतं ते त्याला सर्वांत आधी कळतं. शेजारच्या नाशिककर प्राजक्त देशमुखांचं 'देवबाभळी' आधी स्पर्धेतली एकांकिका होतं. २०१७ मध्ये ते व्यावसायिक रंगभूमीवर पूर्ण लांबीचं नाटक म्हणून आलं. गावाकडून केलेलं काम असंही पुढे जातं.

प्रश्न : मालिकेत भूमिका पक्की म्हणून एकाने 'नोंदणी' आणि फोटोशूटचे पैसे मागितलेत. द्यावेत का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : अजिबात नाही. कामाचे पैसे नटाला मिळतात, नट देत नाही. भूमिका 'पक्की' आहे, पण ऑडिशन झालेलीच नाही, हे ऐकूनच फोन ठेवायला हवा होता. ऑडिशनचा व्हिडिओ घरीच करता येतो: मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, उजेड समोरून, मागे साधी भिंत. सुरुवातीला नाव, उंची, गाव सांगा आणि दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवा. येत असलेल्या भाषांमध्ये अहिराणी आवर्जून सांगा. वाचलेले पैसे साठवा. मुंबईत काम मिळेपर्यंत खोलीचं भाडं त्यातूनच निघणार आहे.